मावशीनं निवडलेली कलिंगडं

माझी मावशी कपड्यांना इस्त्री करायची. तळमजल्यावरच्या एका गाळ्यात मध्ये प्लायवूड ठोकून दोन भाग केले होते. डावीकडे काका, म्हणजे तिचे यजमान, डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत बसायचे आणि उजवीकडे मावशी टेबलाशी उभी असायची. बावीस वर्षं ती तशी उभी होती. मनगटांवर भाजल्याचे जुने डाग, बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, आणि स्वभावालाही कडक घडी. कुणी इस्त्रीचा शर्ट काखोटीला मारून निघालं की ती त्याला मागे बोलवायची. "दोन्ही हातांवर घे. तान्हं मूल घेतात तसं."

सगळी इमारत तिला ताई म्हणायची, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

उन्हाळ्यात दिवसभर इस्त्रीसमोर उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा गॅससमोर उभं राहायची तिची तयारी नसायची. त्यातूनच गच्चीवरचे शनिवार सुरू झाले होते. वरच्या मजल्यावरच्या खोल्या भट्टीसारख्या तापायच्या. म्हणून उन्हाळ्याचे दोन महिने, ऊन उतरलं की लोक गच्चीवर पाणी मारायचे, सतरंज्या टाकायचे आणि ज्यानं त्यानं घरून काहीतरी खायला आणायचं. अट एकच, आणि ती मावशीनं घातलेली: विस्तव लागलेलं काही चालणार नाही.

ती स्वतः फळं आणायची. कलिंगड, खरबूज आणि द्राक्षं, एवढंच. पण कलिंगडाच्या फोडी सुपारीएवढ्या, सगळ्या एकसारख्या, बी औषधालासुद्धा नाही. द्राक्षं उभी चिरलेली. परात बर्फाच्या पाण्यात, वर ओलं फडकं. पुदिना हातानंच चुरायचा, सुरी लागली की काळा पडतो. मग लिंबू, चिमूटभर मिरपूड आणि मीठ अगदी वाढताना. "मीठ आधी घातलं की फळ रडायला लागतं," असं ती म्हणायची.

आणि कलिंगड निवडायचं तिनंच. ती गाड्यापाशी उभी राहिली की फळवाला मागे सरकायचा. ती फळ उलटं करून जमिनीला टेकलेला भाग बघायची, पिवळा पडलाय की पांढराच आहे ते. देठ सुकलाय का बघायची. मग कान जवळ नेऊन टिचकी मारायची. तिचं कलिंगड कधी फिकं निघालं नव्हतं. फळवाला म्हणायचा, "ताई, तुमच्या बोटांना आतलं दिसतं."

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा आई आणि मी त्या इमारतीत राहायला गेलो. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आई शाळेत चित्रकला शिकवायची, तिची बदली झाली आणि मावशीनंच धावपळ करून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्हाला मिळवून दिल्या. सामान येण्याआधी तिनं खिडक्यांना पडदे लावून ठेवले होते, अर्थात इस्त्रीचे. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. माझी तर माय जिवंत होती आणि मावशीही वरच्या मजल्यावर. मला वाटलं, आता सुखच सुख.

दोघी बहिणींमध्ये आठ वर्षांचं अंतर. त्यांची आई लवकर गेली. मग मावशीनं शाळा सोडली, घर सांभाळलं आणि पुढे एका लाँड्रीत कामाला लागली. आई शिकली. आईची चित्रं आजोबा भिंतीवर लावायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे. "ही धाकटी. हिच्या हातात कला आहे." थोरली तेव्हा पाहुण्यांना पाणी देत असायची. हे मला आईनंच सांगितलं होतं, पण तिच्या दृष्टीनं ती चित्रांची गोष्ट होती. पाणी देणारीची ती कधी झाली नव्हती.

आमच्या पहिल्या शनिवारी आईलाही काहीतरी न्यायचं होतं. तिनं कलिंगड आडवं कापून दोन बोटं जाडीच्या गोल चकत्या काढल्या. स्वच्छ कापडानं त्या टिपून कोरड्या केल्या. रात्रभर फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही मधात फेटलं आणि चकतीवर पसरलं. वर डाळिंबाचे दाणे, द्राक्षांचे काप, पुदिन्याची पानं. हात चित्रकाराचा, त्यामुळे प्रत्येक चकती वेगळी. एकीवर वेल चढलेली, एकीवर पाण्यात उमटतात तशी वलयं. मग त्रिकोणी तुकडे केले आणि ताट थंड करून वर नेलं.

गच्चीवर एकच झुंबड उडाली. मुलांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, थंड केक. पाच मिनिटांत ताट रिकामं. नर्सआजी, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मेट्रन, ज्यांचं तोंड आयुष्यभर कुणासमोर बंद राहिलं नाही, बोटं चाटत म्हणाल्या, "अगं ताई, ही तुझी सख्खी बहीण ना? मग इतकी वर्षं लपवून कुठे ठेवली होतीस?"

मावशी हसली. "छान दिसतंय," ती म्हणाली आणि जरा थांबून म्हणाली, "दिसायला."

तिची परात निम्मी उरली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. खाली जाताना मी परातीचा एक कान धरायला गेले, तर म्हणाली, "राहू दे. जड नाहीये." ती जडच होती.

काका सरळ माणूस, आणि सरळ माणसांचं हेच वाईट. दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसले होते. ते भिंगातून डोळा न काढता आईबद्दल म्हणाले, "छोटीनं काल कमाल केली हं. मी तीन तुकडे खाल्ले." पार्टिशनच्या पलीकडे इस्त्री टेबलावर आदळली. थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. मावशीच्या हातून कपडा जळलेला मी तो पहिला आणि शेवटचा पाहिला. नशीब, ती काकांचीच बंडी होती.

पुढचे दोन शनिवार असेच गेले. आईचं ताट आधी संपायचं, मावशीची परात नंतर, तीही तिच्या भिडेखातर. इमारतीतले लोक दुकानात कपडे द्यायला यायचे आणि थंड केक कसा करतात ते मावशीला विचारायचे. बहीणच ना, तिला माहीत असणार. मावशी म्हणायची, "मला नाही बाई ठाऊक. मी साधी माणसं खातात ते करते." एकदा पार्टिशनला टेकून ती स्वतःशीच म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली." मी ऐकलंय हे तिला कळलं. तिनं नजर वळवली नाही.

चौथ्या शनिवारी मावशीनं स्वतः थंड केक करून आणला. कुणाला न सांगता. पण तिनं बाजारातून आणलेलं पातळ दही तसंच चोपडलं होतं, चकत्या ओल्या होत्या, आणि जिना चढून येईपर्यंत दही एका बाजूला घसरलं. डाळिंबाचे दाणे ताटाच्या काठाशी जमा झाले. गुलाबी पाणी तिच्या साडीवर सांडलं. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं. आई पुढे झाली आणि अगदी मायेनं, वर्गातल्या मुलीला सांगावं तसं म्हणाली, "ताई, कलिंगड आधी पुसून घ्यायचं गं. मग दही बसतं वर."

मावशीनं ताट तिच्या हातात दिलं. "मी तुला नाक पुसायला शिकवलं, आता तू मला कलिंगड पुसायला शिकव."

लोकांना विनोद वाटला. आईलाही. ती सगळ्यांबरोबर हसली.

त्याच सुमाराला नर्सआजींची ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. गच्चीवर मोठा बेत ठरला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या नर्सेस येणार, डॉक्टर येणार, साठेक माणसं. एका सकाळी मावशी आजींच्या इस्त्री केलेल्या चादरी पोचवायला गेली, मी बरोबर होते. आई शाळेत जाता जाता तिथे डोकावली होती. आजी आईला म्हणाल्या, "त्या दिवशी फळांचं तू बघायचं. थंड केक. सगळ्यांना पुरला पाहिजे." मग मावशीकडे वळून म्हणाल्या, "आणि ताई, तू या खेपेला काही करू नकोस. बावीस वर्षं केलंस. आता नुसती खुर्चीत बस आणि खा."

आजींच्या मनात काही नव्हतं. त्यांना खरंच वाटलं की आपण हिला विश्रांती देतोय. मावशीनं चादरी पलंगावर ठेवल्या. वरच्या चादरीवरून हात फिरवला, जिथे एकही सुरकुती नव्हती तिथे.

जिन्यात आई म्हणाली, "ताई, कलिंगडं मात्र तूच आणून दे. मला फळातलं काही कळत नाही. माझं निम्मं फिकंच निघतं. तुझ्या हातची असली म्हणजे मला काळजी नाही."

"आणीन," मावशी म्हणाली.

आदल्या दिवशी मी तिच्याबरोबर गाड्यावर गेले, पिशव्या उचलायला. तिनं नेहमीसारखी फळं उलटीपालटी केली. टिचकी मारली, ऐकलं. पाच-सहा फळं बाजूला काढली. ती छान घुमत होती, बुडाला पिवळीधमक. मला वाटलं हीच घेणार. पण ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिनं ती परत ढिगात ठेवली. मग दुसऱ्या बाजूनं चार उचलली. देठ हिरवे, बूड पांढरं.

फळवाला म्हणाला, "ताई, ही? ही आठवडाभर आधी तोडलीत. आतून भरली नाहीत अजून."

"चालतील."

"घरीच न्यायची ना?"

"बांध," ती म्हणाली.

मी पिशव्या पुढे केल्या. मला तेव्हा कळलं नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. कळलं होतं. पण मावशीच्या चेहऱ्याकडे बघून विचारायची छाती झाली नाही. आणि आणखी एक होतं. आईचं ते गच्चीवरचं कौतुक मलाही थोडं थोडं खुपायला लागलं होतं. चित्रकला माझ्या हातात आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आईनं पहिलं कलिंगड कापलं. आत फिकट गुलाबी, मध्ये तर पांढरंच, बियासुद्धा कच्च्या. दुसरं तसंच. तिसरं. चौथं तिनं मोठ्या आशेनं कापलं आणि सुरी खाली ठेवली. फळवाला दुपारनंतर गाडा घेऊन दुसऱ्या वस्तीत जायचा, आणि माणसं सहाला येणार होती. मध फेटलेलं दही तयार, डाळिंबं सोललेली.

"आई, मावशीनं काल…" मी सुरू केलं.

"गप्प बस," आई म्हणाली. ती त्या चार फिक्या कलिंगडांकडे बघत होती. "एक वेळ एक चुकेल. चार नाही चुकत ती."

मग तिनं चकत्या केल्या. मध दुप्पट घातला, वर जितके दाणे घालता येतील तितके घातले. दिसायला त्या इतक्या सुंदर झाल्या की त्या बघूनच मला रडू आलं.

गच्चीवर लोकांनी हौसेनं तुकडे उचलले. पहिला घास घेतला आणि एकेकाचं चावणं मंदावलं. कुणी वाटीत ठेवून दिलं, कुणी मुलाच्या हातात दिलं. नर्सआजींनी नेहमीप्रमाणे मोकळेपणानं विचारलं, "अगं, हे कलिंगड आहे की काकडी?"

गच्ची हसली. आईचे कान लाल झाले. कुणीतरी म्हणालं, "फळ ताईंनी निवडलं असतं तर असं झालं नसतं."

मावशी कठड्यापाशी खुर्चीत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, आईनंही बघितलं. मग आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चूक माझीच. मीच आणली कलिंगडं. ताईला विचारायला हवं होतं."

"तर काय!" आजी म्हणाल्या. "नुसतं सजवून काय होतं? फळ ओळखता यायला हवं. ताई ती ताई. पुढच्या शनिवारी तुझी परातच आण गं बाई."

महिनाभर मावशी ज्या वाक्यासाठी तळमळत होती ते तिला मिळालं, साठ माणसांसमोर. तिनं मान हलवली. हातातला तुकडा, तो फिका, ती कण न टाकता खात राहिली.

पुढच्या शनिवारी तिची परात वीस मिनिटांत रिकामी झाली. आई गच्चीवर आलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मावशी दुकानात असायची आणि आई तिच्यासमोरून शाळेत जायची, पण मान वळवायची नाही. आमचे कपडे ती घरीच, आमच्या जुन्या इस्त्रीनं करायला लागली. गिऱ्हाइकं मावशीला म्हणायची, "ताई, तुमच्या फळांची सर कशाला नाही." ती "हूं" म्हणायची. तिचं जेवण कमी झालं. काका मला म्हणाले, "हिला विचारलं तर म्हणते, उन्हाळा बाधला."

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. हात रिकामे. आई खिडकीशी मुलांच्या वह्या तपासत होती.

"बस," आई म्हणाली, वहीतून डोकं न काढता.

मावशी बसली नाही. "छोटे, ती मी मुद्दाम आणली होती."

"माहीत आहे."

"मग तिथे का नाही सांगितलंस? तू मला वाचवलंस ते मला जास्त लागलं."

आईनं पेन्सिल खाली ठेवली. "तुला वाचवायला नाही बोलले मी. एवढी थोर नाहीये. सख्ख्या बहिणीनं मला कच्ची फळं दिली, हे लोकांना सांगायची माझीच लाज वाटली."

मी स्वयंपाकघराच्या दारात कपबशा हातात घेऊन उभी. मग मावशी बोलायला लागली आणि इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"जळते मी तुझ्यावर. आज नाही, तू चौथीत होतीस तेव्हापासून. बाबा तुझी चित्रं दाखवायचे तेव्हा मला वाटायचं, एकदा तरी म्हणतील की ही थोरली, हिच्यामुळे घर चालतंय. मला काही चित्रं काढता येत नव्हती, तर काय दाखवणार होते ते? धुतलेली भांडी? मग मला ही गच्ची मिळाली. इथे मी पहिली होते. तू आलीस, आणि एका संध्याकाळात… तुला काही करावंसुद्धा लागलं नाही गं. तू नुसती आलीस."

आईचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच कोरडा. "आणि मी काय करायचं होतं? नवरा गेल्यावर दोन वर्षांनी पहिल्यांदा मला कुणी छान म्हणालं. ते मी घ्यायचं नाही?"

मावशी खाली बसली.

"माझ्या शाळेच्या कॉलरला तू इतकी खळ घालायचीस," आई थोड्या वेळानं म्हणाली, "की दिवसभर मान सोलून निघायची. मला वाटायचं, ताईला नीटनेटकेपणाची आवड."

"नव्हती ती आवड," मावशी म्हणाली.

आणि दोघी हसल्या. म्हणजे आई हसली, मावशीचं हसू आणि रडू वेगळं करता येण्यासारखं नव्हतं. पण आईनं लगेच सांगितलं, "मी अजून रागावलेली आहे हं. हसले म्हणून संपलं असं समजू नकोस. आणि गच्चीवर तुला खरं सांगावं लागेल. मी काकडीवाली बाई म्हणून नाही राहणार तिथे."

उन्हाळ्याच्या शेवटच्या शनिवारी मावशीनं ते सांगितलं. परात खाली ठेवली आणि फोडी वाढायच्या आधीच, उभ्यानं. "आजींच्या वाढदिवसाची कलिंगडं मी आणली होती. कच्ची आहेत हे मला माहीत होतं. छोटीचं नाव व्हायला नको होतं, म्हणून आणली." बस्स, एवढंच. सबब नाही, रडारड नाही.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक बाई उठून मुलाला घेऊन खालीच गेल्या, आणि त्या पुढे वर्षभर कपडे कोपऱ्यावरच्या दुकानात देत होत्या. नर्सआजी मात्र बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात अशा दोघी होत्या. एकीनं दुसरीच्या रुग्णाचा ताप चुकीचा लिहिला होता, मुद्दाम. तिनं कधी सांगितलं नाही. आण ती वाटी इकडे."

काकांनी घरी गेल्यावर विचारलं, "पण मी तीन तुकडे खाल्ले, ते चांगले होते ना?" मावशीनं त्यांच्याकडे फक्त बघितलं.

त्यानंतर आई आणि मावशी रोज एकमेकींकडे जायला लागल्या असं मी म्हणणार नाही. बोलणं पूर्ववत व्हायला पावसाळा उलटला. पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर दोन्ही ताटं असायची. मावशी आईला गाड्यावर घेऊन जायची आणि टिचकी ऐकायला लावायची. आईला तो आवाज कधीच कळला नाही. ती आपली मान डोलवायची. मग मावशी चांगलं फळ तिच्या पिशवीत टाकायची, आणि इमारतीतलं कुणी ना कुणी जिन्यात हटकून विचारायचं, "पिकलेलं आहे ना ताई?" ती म्हणायची, "कापून बघा." पहिल्या वर्षी हे म्हणताना तिचा चेहरा पडायचा. पुढे सवय झाली.

मत्सर काही गेला नाही. आईचं ताट आधी संपलं की मावशी अजूनही जरा जास्तच मोठ्यानं गप्पा मारायला लागते, आणि तिचं आधी संपलं तर ती रिकामी परात उगाच दोनदा सगळ्यांसमोरून फिरवते. दुकान आता बंद झालं, गुडघ्यांनी साथ सोडली. गच्चीवर चढायला तिला आईचा हात लागतो. गेल्या शनिवारी अर्ध्या जिन्यात दोघी दम खात उभ्या होत्या. मावशी म्हणाली, "या वेळी दही जरा आंबट झालंय तुझं."

"खाल्लंस कधी?" आईनं विचारलं.

"बोट लावून बघितलं," मावशी म्हणाली आणि पुढची पायरी चढली.